एकाच उड्डाणात दोन पहाटा

आधी सामानाचं वजन होतं, मग तुमचं. काटा थिरावतो, माणूस वहीत आकडा लिहितो आणि तुमच्या बॅगेकडे पुन्हा एकदा बघतो. बुटांचा दुसरा जोड काढून ठेवा. ते जाड पुस्तकही राहू द्या. आज तुम्ही धरून तिघेच प्रवासी आहात आणि टपाल आहे ६९ किलो. याहून जास्त काही न्यायची सोय नाही.

साल १९४४, महिना जुलै. तुम्ही ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर, पर्थ शहरात आला आहात. जुलै म्हणजे इथला ऐन हिवाळा. अजून उजाडायचं आहे, नदीवरून येणारा वारा कानाला झोंबतो आणि पाण्याच्या कडेला काळे हंस माना पंखांत खुपसून बसलेत. या हंसांवरूनच नदीला स्वान नाव पडलं. नेडलंड्सच्या या काठाशी तिचं पात्र एखाद्या मोठ्या तळ्यासारखं रुंद होतं. धावपट्टी शोधू नका, ती इथे नाही. नदी हीच धावपट्टी आहे. छोट्या होडीतून तुम्हाला विमानापर्यंत नेतात, आणि काळोखात आधी त्याचा वास येतो, पेट्रोलचा. मग पंख दिसतात.

तुम्हाला जायचंय सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला. बेटाच्या दक्षिण टोकाला, गॉलच्या जवळ, कोग्गला नावाचं तळं आहे. तिथे हे विमान पाण्यावर उतरेल. पृथ्वीच्या गोलावर पर्थपासून कोग्गलापर्यंत सुतळी ताणली तर ती भरते सुमारे ५,६५० किलोमीटर. मध्ये कुठेही थांबा नाही, आणि विमानाचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या घरातला. भागाकार करा. अठ्ठावीस तास. वाऱ्याने साथ दिली तर सत्तावीस, नाही दिली तर बत्तीससुद्धा.

होय, सलग. एका उड्डाणात.

मी तुम्हाला याच प्रवासाला का आणलं, ते सांगतो. दोन विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ हे आकडे आज बोटाच्या एका टिचकीवर मिळतात, आणि म्हणूनच ते फिके पडलेत. त्या एका आकड्यात किती गोष्टी कोंबलेल्या असतात – वारा, वजन, काळोख, भीती, कुणीतरी रात्रभर जागून केलेली गणितं – हे मला पर्थ–कोग्गलाइतकं स्पष्ट दुसऱ्या कुठल्याच मार्गावर दिसलेलं नाही.

अडीच वर्षांपूर्वीपर्यंत असं नव्हतं. १९३८ पासून सिडनीहून इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनला मोठ्या उडत्या बोटी जात. सिंगापूर, बँकॉक, रंगून, कोलकाता, अलाहाबाद, ग्वाल्हेर, मेवाडातला राजसमंद तलाव, कराची असं पाण्यावरून पाण्यावर टप्पे घेत नऊ-दहा दिवसांत त्या पोचत. रात्री प्रवासी हॉटेलात झोपत. मग युद्ध पूर्वेकडे आलं. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. त्यापाठोपाठ जावा, सुमात्रा आणि अंदमान जपानच्या ताब्यात गेले. ३ मार्चला जपानी लढाऊ विमानांनी ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावरच्या ब्रूम बंदरात नांगरलेल्या उडत्या बोटींवर गोळीबार केला. त्यांपैकी कितीतरी बोटींत जावाहून जीव वाचवून आलेली डच बायकामुलं होती. साऱ्या बोटी जळाल्या. ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्यामधली हवाई वाट मधोमध तुटली.

नकाशावर उरला तो एकच तुकडा: पर्थ ते सिलोन, अख्खा हिंदी महासागर. तिथे उतरायला जमीन नव्हती, म्हणूनच शत्रूनेही तो पुरता अडवला नव्हता. क्वांटास कंपनीच्या वैमानिकांनी १९४३ मध्ये ती वाट धरली. तुम्ही आता त्याच वाटेवर आहात.

वाका, डोकं सांभाळा. कॅटालिना विमानाचं दार असं नसतंच. पाठीमागच्या बाजूला काचेचे दोन फुगवटे आहेत, त्यांतल्या एकातून आत उतरायचं. आत नुसता पत्रा आहे. थंडी आणि आवाज अडवणारं अस्तर काढून टाकलंय, पंखांवरचं बर्फ झाडायची यंत्रणाही काढली आहे. ज्याच्यावाचून उडता येतं ते सगळं गेलं, आणि त्याच्या जागी आल्या पेट्रोलच्या जादा टाक्या. सुमारे नऊ हजार लिटर पेट्रोल तुमच्या अवतीभवती आहे. विमानाचं भरलेलं वजन सोळा टनांच्या आसपास, त्यात साडेसहा टन नुसतं इंधन. तुम्ही, बाकीचे दोघे प्रवासी, पाच जणांचा चमू, टपालाची थैली आणि खाण्याचा डबा मिळूनसुद्धा एक टन भरत नाही. या प्रवासात विमान खरं तर पेट्रोलच वाहून नेतंय, आणि तेही रस्त्यात जाळण्यासाठी.

मघाशी बूट का काढून ठेवायला लावले, ते आता कळलं असेल.

इंजिनं सुरू होतात. दोन, डोक्यावरच्या रुंद पंखावर, प्रत्येकी बाराशे अश्वशक्तीची. आवाज कानात न शिरता थेट छातीत शिरतो. विमान पाणी कापत निघतं आणि निघतच राहतं. तुम्ही वाट बघता, आता उचलेल, आता उचलेल. खिडकीवर पाण्याचे सपकारे बसतात आणि बाहेरचं काही दिसेनासं होतं. अर्धं मिनिट जातं, एक मिनिट जातं. पत्रा थरथरतो, दात थरथरतात. मग सपकारे अचानक थांबतात आणि तळाशी पाण्याचा घासटण्याचा आवाज बंद होतो. विमान हवेत आहे, पण जेमतेम. काठावरच्या दिव्यांपासून ते फार उंच नाही. पंखांच्या टोकांना लोंबणारे तरंडे वर वळून टोकाला चिकटतात आणि पंखांचेच भाग होऊन जातात.

पहिले काही तास सर्वांत वाईट, आणि चमूला हे पक्कं ठाऊक आहे. इतक्या वजनाचं विमान एका इंजिनावर तगू शकत नाही. इंजिन बंद पडलं तर पेट्रोल समुद्रात ओतून हलकं व्हायचं आणि परत फिरायचं, एवढाच उपाय. जसजसं पेट्रोल जळेल तसतसा जीव भांड्यात पडत जाईल. म्हणजे या प्रवासात इंधनाची टाकी जितकी रिकामी तितकी सुरक्षितता जास्त, आणि ती फारच रिकामी झाली की पुन्हा धोका. या दोन भीतींच्या मधल्या पट्ट्यातच तुम्हाला अठ्ठावीस तास काढायचे आहेत.

तासाभरात मागच्या बाजूला, ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या जमिनीवर, सूर्य वर येतो. काचेच्या फुगवट्यात बसून बघा. आधी तांबूस रेघ, मग पंखाची खालची बाजू उजळते, आणि खाली किनारा मागे जाताना दिसतो. पाहून घ्या. पुढचा सूर्योदय येईपर्यंत जमीन दिसायची नाही.

दिवसाबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. समुद्र, ढगांच्या सावल्या, समुद्र. बोलायचं तर ओरडावं लागतं, म्हणून कुणी बोलत नाही. थर्मासमधला चहा अजून कोमट आहे. आग्नेयेकडून वाहणारे व्यापारी वारे पाठीशी आहेत, तेवढीच मदत. उलट्या दिशेने, सिलोनहून पर्थला येताना, हेच वारे तोंडावर येतात.

आता नॅव्हिगेटरकडे बघा, कारण तुमचा जीव या माणसाच्या पेन्सिलीवर आहे. रेडिओ मुका आहे. विचारायचं नाही, सांगायचं नाही; एक शब्द हवेत सोडला तरी शत्रूला तुमचा ठावठिकाणा लागेल. फक्त ऐकायचं. ठरलेल्या वेळी हवामानाची माहिती सांकेतिक मोर्समध्ये येते, रेडिओवाला ती टिपून घेतो. बाकी सगळं इथेच शोधायचं. नॅव्हिगेटर खाली वाकून लाटांच्या पांढऱ्या तुऱ्यांकडे बघतो आणि वारा विमानाला किती अंश बाजूला ढकलतोय ते मोजतो. तुरे नसतील तर पाण्यावर धुराचं नळकांडं टाकून तो धूर मागे कुठल्या कोनात सरकतो ते बघतो. रात्री तेच काम जळत्या नळकांड्याने होतं. एका अंशाची चूक म्हटलं तर काहीच नाही. पण ५,६५० किलोमीटर एक अंश चुकत गेलं तर शेवटी जवळजवळ शंभर किलोमीटरचा फरक पडतो, आणि त्या वेळी टाकीत उधळायला पेट्रोल नसतं.

तेराव्या तासाला समोरचा सूर्य पाण्यात बुडतो. तुमचं सुटणं एवढ्या पहाटे का ठेवलं होतं, याचं उत्तर इथे मिळतं. पुढे कोकोस बेटं आहेत. वाटेतली जवळपास एकुलती एक जमीन, पण तिचा आधार घेता येत नाही. तिथल्या समुद्राखालच्या तारेच्या ठाण्यावर १९४२ मध्ये जपानी तोफगोळे पडले होते, आणि सुमात्राच्या बाजूची जपानी टेहळणी विमानं या पाण्यावर फिरतात. कॅटालिनाकडे वेग नाही आणि उंचीही नाही. तिचं एकच चिलखत आहे, काळोख. म्हणून शत्रूच्या जवळची सगळी वाट रात्रीच्या पोटात येईल असं वेळापत्रक बांधलं. मला हे वेळापत्रक फार मोलाचं वाटतं. अंतर कमी करता येत नव्हतं, वेग वाढवता येत नव्हता, तेव्हा या लोकांनी सूर्यालाच आपल्या बाजूला घेतलं.

कोकोस पंधराव्या तासाला खालून कुठेतरी निघून जातात. दिसत नाहीत. एकही दिवा नाही.

अमावास्या जवळ आली आहे, चंद्र नाही. पुन्हा काचेच्या फुगवट्यात जा. आतले दिवे मालवलेत, फक्त नॅव्हिगेटरच्या टेबलावर एक मंद उजेड आहे. वर बघा. इतक्या चांदण्या तुम्ही आयुष्यात पाहिल्या नसतील.

क्वांटासने या सेवेतल्या पाच विमानांना ताऱ्यांची नावं दिली: अल्टेर, व्हेगा, रायजेल, अँटारेस, स्पायका. मराठी माणसाला ही नावं परकी वाटतील, तारे मात्र ओळखीचे आहेत. स्पायका म्हणजे आपली चित्रा. जिच्यावरून चैत्राला नाव मिळालं, ती आता पश्चिमेकडे कलते आहे. अँटारेस म्हणजे ज्येष्ठा, वृश्चिकाच्या काळजातला तांबडा तारा. तो जवळजवळ डोक्यावर आलाय. ईशान्येला खाली व्हेगा, म्हणजे अभिजित. पूर्वेला अल्टेर, म्हणजे श्रवण, ज्याच्यावरून श्रावण. अमावास्येनंतर तोच महिना लागेल. पाचवा रायजेल, मृगाच्या पायाशी असलेला राजन्य, अजून उगवायचा आहे. तो पहाटे दिसेल. आपल्या पंचांगाने जे तारे महिने ओळखण्यासाठी निवडले, त्यांतलेच काही तारे इथे माणसं समुद्रात आपली जागा ओळखण्यासाठी वापरताहेत. कारणही एकच आहे. हे तारे ठळक आहेत, आणि ते कधी कुठे असतील ते अगोदर सांगता येतं.

नॅव्हिगेटर षष्ठक यंत्र डोळ्याला लावतो. ज्येष्ठेची उंची, नेमकी वेळ, मग तक्त्यांचं पुस्तक, मग नकाशावर एक रेघ. एका ताऱ्याने विमान कुठल्या रेघेवर आहे एवढंच कळतं. दुसऱ्याने ती रेघ कापली की बिंदू मिळतो. तिसरा तारा पहिल्या दोघांची साक्ष तपासतो. तीन रेघा एका ठिकाणी क्वचितच मिळतात, मध्ये एक चिमुकला त्रिकोण उरतो. त्या त्रिकोणात कुठेतरी तुम्ही आहात. विमान हिसके देतंय, बोटं गारठली आहेत, घड्याळातली चार सेकंदांची चूक नकाशावर जवळपास दोन किलोमीटर होते. हे सगळं सांभाळून तो रात्रभर पुन्हा पुन्हा त्रिकोण काढत राहतो.

मध्यरात्रीनंतर ढग येतात. विषुववृत्ताच्या आसपास ढगांच्या भिंती उभ्या असतात आणि त्यांत शिरलं की वर काही नाही, खाली काही नाही. विमान खाली आदळतं, वर उचललं जातं, पत्र्यावर पाऊस वाजतो. मागच्या त्रिकोणापासून किती वेळ, किती वेगाने, कुठल्या दिशेला आलो, एवढ्यावर भरवसा ठेवायचा. तुम्ही कांबळं अंगाभोवती आवळून घेता. झोप येत नाही. तेवीस तास झालेत की चोवीस, याचा हिशेब तुमच्याजवळ उरलेला नाही.

मग ढगाला फट पडते, आणि नॅव्हिगेटर उत्तरेकडे बोट दाखवतो. क्षितिजाला टेकून, धुरकट, विझू पाहणारा एक तारा. ध्रुव. काल रात्री तो नव्हता, कारण तुम्ही पृथ्वीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात होता. पर्थहून ध्रुव कधीच दिसत नाही. तुम्ही विषुववृत्त ओलांडलंय. क्षितिजापासून ध्रुवाची उंची म्हणजे साधारण तुमचा अक्षांश, हे शाळेच्या भूगोलात शिकला होता. आता तो धडा खिडकीत उभा आहे. तारा दोन बोटं वर आला, म्हणजे कोग्गला जवळ आलं. पूर्वेकडे राजन्यही वर आलाय.

आणि मग उजाडायला लागतं.

दुसरी पहाट कालच्या पहाटेपेक्षा वेगळी आहे. काल सूर्य जमिनीवरून आला होता, आज पाण्यातून येतो, ओल्या जाड ढगांच्या कडा पेटवत. एरवी एका सूर्योदयापासून दुसऱ्यापर्यंत चोवीस तास जातात. तुम्ही पश्चिमेकडे धावत होता, म्हणून आजच्या सूर्योदयाला यायला तास-सव्वा तास जास्त लागला. या दोन पहाटांमुळेच या सेवेला दुहेरी सूर्योदयाची सेवा म्हणतात. उतरल्यावर तुमच्या हातात एक प्रमाणपत्र पडेल: चोवीस तासांहून अधिक काळ सलग हवेत राहिल्याबद्दल दुहेरी सूर्योदयाच्या गुप्त मंडळाचं सदस्यत्व. आज कुणाला दाखवता येणार नाही, कारण सेवा गुप्त आहे. पण जपून ठेवा.

जमीन दिसते ती हिरवीगार, वाफाळलेली. पावसाळ्याचे दिवस आहेत. नारळीच्या झावळ्यांच्या वरून विमान खाली येतं. निघताना सोळा टनांचं होतं, आता कितीतरी हलकं झालंय. तळ्याला टेकतं तेव्हा फारसा धक्कासुद्धा बसत नाही. इंजिनं बंद होतात. कानात आवाज तसाच घुमत राहतो, आणि त्याच्या आडून बऱ्याच वेळाने एका पक्ष्याचा आवाज ऐकू येतो.

या तळ्याकडे जरा नीट बघा. ४ एप्रिल १९४२ ला इथूनच लेनर्ड बर्चल हा कॅनडाचा वैमानिक अशाच एका कॅटालिनातून टेहळणीला गेला होता. सिलोनच्या दक्षिणेला त्याला जपानी आरमाराचा ताफा दिसला. विमान पडायच्या आधी त्याने रेडिओवरून तेवढी बातमी पोचवली, आणि म्हणून दुसऱ्या दिवशीच्या हल्ल्याला कोलंबो बेसावध सापडलं नाही. बर्चल पकडला गेला आणि युद्ध संपेपर्यंत जपान्यांच्या कैदेत राहिला. तळ्याच्या काठावर एक गावही होतं. सिंहली कादंबरीकार मार्टिन विक्रमसिंघे यांचं हे जन्मगाव. विमानतळासाठी गावकऱ्यांना उठवलं. विक्रमसिंघेंचं घर तेवढं राहिलं, आज त्याच्याजवळ लोकसंस्कृतीचं संग्रहालय आहे. दोन देशांना जोडणाऱ्या वाटेसाठी एका गावाला आपली वाट सोडावी लागली, हेही या प्रवासाच्या हिशेबात धरलं पाहिजे.

तुमच्यातल्या एकाला अजून पुढे जायचंय. १९४३ च्या अखेरीपासून ही सेवा कराचीपर्यंत वाढवली आहे. तिथून इंग्लंडची जोडणी मिळते. कोग्गलाहून कराचीला सुतळी ताणून बघा. ती दक्षिण भारत तिरका कापून गोव्यापाशी येते, तिथे जमीन सोडते आणि रत्नागिरीच्या किनाऱ्याला लागून अरबी समुद्रावर सरकते. ऑस्ट्रेलिया–इंग्लंड टपालाची ती युद्धकाळातली नाजूक दोरी आपल्या कोकणाच्या इतक्या जवळून ताणलेली होती, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही.

आता परत चला.

तुम्ही विमानात आहात, साल २०१८, महिना मार्च. पुन्हा पर्थ. क्वांटासचं बोइंग ७८७ पर्थहून थेट लंडनला निघालंय: १४,५०० किलोमीटर, साधारण सतरा तास. कॅटालिनाने जेवढं अंतर अठ्ठावीस तासांत कापलं, त्याच्या अडीचपट अंतर त्याहून अकरा तास कमी वेळात. प्रवासी दोनशेच्या वर. समोरच्या पडद्यावर एक चिमुकलं विमान निळ्या रंगावरून सरकतंय आणि खाली उरलेला वेळ मिनिटांत लिहिलाय. बहुतेकांनी खिडक्या बंद करून घेतल्या आहेत. मी याला वाईट म्हणत नाही. जीव मुठीत न धरता माणसाला आपल्या लेकरांकडे जाता यावं, यासाठीच तर त्या वैमानिकांनी रात्री जागवल्या. पण निळा रंग म्हणजे रिकामी जागा, असा जो समज त्या पडद्याने पसरवलाय, तो खोटा आहे. हाच महासागर आहे, ज्याच्या दक्षिणेकडच्या पाण्यात २०१४ मध्ये मलेशियाचं विमान नाहीसं झालं आणि त्या विमानाचा शोध याच पर्थहून महिनोन् महिने चालला.

आणखी एक तारीख. कॅटालिना गेल्या, त्यांच्या जागी चाकांची वेगवान विमानं आली, युद्धही संपलं. १९४६ च्या मार्चमध्ये लँकास्ट्रियन जातीचं एक विमान कोलंबोहून कोकोसकडे निघालं. शांततेचा काळ, चार इंजिनं, रेडिओवर बोलायला पूर्ण मुभा. विमानात दहा माणसं होती. ते पोचलं नाही, आणि सापडलंही नाही.

म्हणून कॅटालिनांचा हिशेब मला थक्क करतो. १९४३ च्या पावसाळ्यापासून, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यापासून, १८ जुलै १९४५ पर्यंत त्यांनी ही वाट २७१ वेळा ओलांडली. शत्रूच्या टापूतून, मुक्या रेडिओने, ताऱ्यांच्या भरवशावर, एका वेळी मोजक्याच माणसांना घेऊन साडेआठशेच्या आसपास प्रवासी पोचवले. एकही विमान गमावलं नाही. यात नशीब होतंच, पण २७१ वेळा नुसतं नशीब साथ देत नाही. वजनात एक किलोचा हट्ट धरणारा काट्यावरचा माणूस, पुन्हा पुन्हा त्रिकोण काढणारा नॅव्हिगेटर आणि सूर्याला धरून वेळापत्रक बांधणारे लोक, यांचं ते यश आहे.

ती विमानं उसनवार कराराने आली होती, आणि करारात युद्धानंतर ती ठेवून घ्यायची मुभा नव्हती. पर्थजवळच्या रॉटनेस्ट बेटापलीकडच्या खोल पाण्यात त्यांतली बहुतेक बुडवण्यात आली. क्वांटास आता सिडनीहून लंडनला विनाथांबा जायच्या तयारीत आहे, त्याला बावीस तासांपर्यंत लागतील, आणि त्या योजनेला कंपनीने या जुन्या सेवेवरूनच सूर्योदयाचं नाव दिलंय. पण कॅटालिनांच्या सर्वांत लांबलेल्या फेरीला ३२ तास ९ मिनिटं लागली होती. ठरलेल्या प्रवासी सेवेत त्याहून जास्त वेळ सलग हवेत राहिलेलं विमान आजवर झालेलं नाही.